पाऊस आला की टीव्ही का जातो? आधी हे तपासा, मग पैसे मोजा

टेंभी नाका (ठाणे) : आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या टेंभी नाक्यावरच्या दहीहंडीला दरवर्षी बातम्यांच्या वाहिन्यांचे कॅमेरे लागतात. थर ठाण्यात लागतात आणि शहापूर, मुरबाडच्या घरांत ते टीव्हीवर बघितले जातात. पण श्रावण म्हणजे पाऊस. वरचा गोविंदा हंडीला हात घालणार, तोच गावात मोठी सर येते आणि पडद्यावर अक्षरं उमटतात : नो सिग्नल.

मग धावपळ सुरू होते. कोणी पत्र्यावर चढून छत्री हलवतो, कोणी बाजारातून ‘डिजिटल अँटेना’ आणतो, कोणी मेकॅनिकला फोन लावतो. खरं तर बऱ्याच वेळा सर ओसरली की चित्र आपोआप येतं. पण तोवर छत्री फिरवलेली असते. म्हणजे नसलेला बिघाड आपल्याच हाताने झालेला असतो.

जुना अँटेना का चालत नाही?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. कौलांवर बांबूला बांधलेला काड्यांचा अँटेना जमिनीवरच्या मनोऱ्याकडून येणारे सिग्नल पकडायचा. हे जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण प्रसार भारतीने टप्प्याटप्प्याने गुंडाळलं. मोक्याच्या जागांवरची सुमारे ५० केंद्रं सोडून बाकीची ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचं जाहीर झालं होतं.

२०१६ मध्ये मुंबईसह १६ शहरांत दूरदर्शनचं डिजिटल प्रक्षेपण मनोऱ्यावरून सुरू झालं. त्यासाठी टीव्हीतही तशी सोय लागते. शिवाय वरळीचा मनोरा शहापूरपासून सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटर लांब आहे, मुरबाडपासूनही जवळपास तेवढाच, आणि मध्ये डोंगर आहेत. घरात ठेवायच्या छोट्या अँटेनाला एवढ्या लांबून काही मिळत नाही. ‘शंभर चॅनल फुकट’ म्हणून कोणी तो विकत असेल, तर आधी आपल्या घरी लावून दाखवायला सांगा.

गावात आता फुकट टीव्हीचा भरवशाचा मार्ग एकच : छत्रीवर चालणारी डीडी फ्री डिश. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावाने सुरू झाली. तिला महिन्याचं भाडं नाही.

मुंग्या नाहीत, थेट अंधार

जुन्या टीव्हीवर सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, तरी चित्र अंधुक दिसायचं. डिजिटलमध्ये तसं होत नाही. सिग्नल एका पातळीपर्यंत घसरला तरी चित्र स्वच्छ असतं. त्याच्या खाली गेला की चौकोन फुटतात आणि पडदा काळा होतो. त्यामुळे छत्री महिनोन्महिने थोडी सरकलेली असते, पण ते कोणाला कळत नाही. उन्हाळ्यात चालून जातं. पावसाचे थेंब या लहरी आणखी अडवतात, तेव्हा तीच छत्री उघडी पडते. जोराच्या सरीत पाच-दहा मिनिटं चित्र गेलं तर तो निसर्ग. साध्या रिमझिमीतही जात असेल, तर दोष घरातच शोधा.

आधी हे बघा

१. सेट टॉप बॉक्सच्या मेनूत सिग्नलचे दोन आकडे असतात, ‘स्ट्रेंग्थ’ आणि ‘क्वालिटी’. बघायचा तो क्वालिटीचा. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी शून्य, तर बहुतेक वेळा छत्री चुकीच्या दिशेला आहे किंवा काहीतरी आड आलंय.

२. दोन्ही शून्य असतील तर वायर बघा. बॉक्सचं बटण बंद करून प्लग काढा, मग पिना उघडा. हिरवट गंज, आत शिरलेलं पाणी, उंदराने कुरतडलेली वायर, मध्ये पीळ मारून केलेला जोड ही नेहमीची कारणं. तुकडे जोडण्यापेक्षा अखंड वायर बरी.

३. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ ठाणे जिल्ह्यातून आग्नेयेला, सुमारे ५७ अंश उंचीवर आहे. छत्री दिसायला उभी असली तरी ती बरीच वर बघत असते. तिच्यासमोर १० फुटांवरचं झाड छत्रीपेक्षा १५ फुटांहून उंच गेलं की आड येतं. पैसे भरून घेतलेल्या डिशचे उपग्रह वेगळे असतात, म्हणून शेजाऱ्याच्या छत्रीची दिशा बघून आपली फिरवू नका.

४. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी ११ च्या सुमारास सूर्य नेमका या उपग्रहाच्या रेषेत येतो. काही मिनिटं चित्र बिघडतं, मग ठीक होतं. त्या दिवसांत त्याच वेळी छत्रीवर झाडाची सावली दिसली, तर फांदी छाटायची वेळ आली समजा.

पावसात, विजा चमकत असताना किंवा विजेच्या तारांजवळ छतावर चढू नका. टीव्हीपेक्षा जीव मोठा.

छत्रीचा दोष नसतो तेव्हा

एक-दोनच वाहिन्या गेल्या आणि बाकीच्या चालू असतील, तर छत्रीला हात लावू नका. फ्री डिशवर खासगी वाहिन्यांना लिलावातून जागा मिळते, त्यामुळे त्या येतात-जातात. एप्रिल २०२२ मध्ये मोठ्या समूहांच्या काही हिंदी वाहिन्या अशाच गेल्या. आधी रिमोटने ‘ऑटो स्कॅन’ करा. जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर एमपीईजी-४ च्या वाहिन्या दिसतच नाहीत.

क्रिकेटचंही तेच. २००७ च्या कायद्याने महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावं लागतं. पण ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ते फक्त दूरदर्शनच्या स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि फ्री डिशवर दाखवावं, खासगी डिश किंवा केबलवर नाही. म्हणून तिथे दूरदर्शनवर सामना दिसला नाही, तर तो बिघाड नव्हे.

प्रश्न नुसत्या करमणुकीचा नाही

मोबाइलला रेंज नसलेल्या पाड्यांवर हवामानाचा इशारा, बाजारभाव, मुलांचे शैक्षणिक कार्यक्रम याच छत्रीवरून पोचतात. केंद्र सरकारने ४ जानेवारी २०२३ ला २,५३९.६१ कोटी रुपयांची ‘बाइंड’ योजना मंजूर केली. दुर्गम, आदिवासी आणि सीमेवरच्या भागांत फ्री डिशचे ८ लाखांहून अधिक बॉक्स मोफत देण्याचं त्यात ठरलं. शहापूर आणि मुरबाडचे आदिवासी पाडे या वर्णनात बसतात. आपल्या पाड्यावर किती बॉक्स आले, हे ग्रामसभेत विचारायला काहीच हरकत नाही.

जुना अँटेना गेला, तेव्हा नवीन छत्री कशी सांभाळायची हे गावात येऊन कोणी सांगितलं नाही. ते ज्ञान मेकॅनिककडेच राहिलं आणि प्रत्येक ‘नो सिग्नल’चे पैसे गावकऱ्याच्या खिशातून गेले. पुढच्या गोकुळाष्टमीआधी, पाऊस लागण्यापूर्वी, एकदा मेनू उघडून क्वालिटीचा आकडा बघून ठेवा. हंडी फुटताना तरी पडदा काळा व्हायला नको.