सर्पगंधेची बंदी, कापसाची बंदी



सर्पगंधा हे गुडघा-मांडीएवढे झुडूप. औषध सगळे मुळात. 1949 साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी रक्तदाबावरचा तिचा गुण विलायतेतल्या वैद्यकीय मासिकात मांडला. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळातून रेसर्पिन वेगळे काढले. जगभरातून मागणी आली आणि आमची जंगले खणली जाऊ लागली. मूळ खणले की झाड संपले, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

मग करायचे काय? शेतकऱ्याला सांगायचे, पिकव आणि वीक. सरकारने 1969 साली निर्यातबंदी घातली!

कंपन्यांचे काय अडले? सर्पगंधेची चुलत बहीण आफ्रिकेत उभीच होती, रौवोल्फिया व्होमिटोरिया. तिच्या मुळातही रेसर्पिन, आणि भरपूर. गिऱ्हाईक तिकडे गेले. बरे, आमचे जंगल तरी वाचले? बंदीनंतर 21 वर्षांनी, 1990 मध्ये, सर्पगंधेला आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत घालावे लागले. बाजारही गेला, झुडूपही गेले.

त्याच कुळातली सदाफुली पाहा. कर्करोगावरचे औषध तिच्यातून निघते. तमिळनाडूच्या कोरडवाहू शेतकऱ्यांनी ती शेतात लावली, पाला आणि मुळे परदेशी पाठवली. सदाफुली कुठे संपली नाही. जे शेतात पिकते आणि विकते, ते संपत नाही.

कापसाचे वेगळे काय झाले? 5 मार्च 2012 रोजी दिल्लीने कापसाची निर्यात एका फटक्यात थांबवली. गिरण्यांना स्वस्त कापूस हवा होता. बंदी पुढे उठली, पण परदेशी गिऱ्हाइकाने एवढे ओळखले की हिंदुस्थानच्या मालाचा भरवसा नाही. ब्राझील, अमेरिकेचा कापूस त्याला मिळतोच.

आता 2023 च्या जैवविविधता कायद्याच्या दुरुस्तीत लागवडीच्या औषधी वनस्पतींना सूट आहे म्हणतात. सूट कशी, तर उगमाचा दाखला आणा! आपल्या वावरातले आपलेच आहे हे आपणच सिद्ध करायचे. ज्वारीच्या कणसाला उद्या जन्मदाखला मागतील.

(सर्पगंधेची रोपे खपवायला कोणी आलाच तर सावध राहा. तिला ओल आणि सावली लागते, मूळ तयार व्हायला दीड वर्षाच्या वर जाते. आपल्या कोरडवाहू कापसाच्या वावरात तिचे काम नाही.)

जिल्हा बैठकीत ठराव आणायचा आहे: शेतात पिकलेल्या कोणत्याही मालावर, मुळी असो की सरकी, निर्यातबंदी नको. गावोगावच्या सह्या घेऊन या.