दोष भट्टीचा की साच्याचा?

दिवाळीच्या सुट्टीत आमचा एक जुना विद्यार्थी भेटीस आला. तो चिनीमातीच्या वस्तूंच्या एका कारखान्यात भट्टी सांभाळतो. कापडगिरण्यांत ज्या पांढऱ्या, गुळगुळीत कड्यांतून धागा सरकतो, त्या तेथे तयार होतात. रुमालातून दोन-चार तडकलेल्या कड्या काढून तो म्हणाला, "सर, माल तडकला की पगार माझा कापतात. पण भट्टीची आच मी कधी चुकवलेली नाही."

या कड्या कुंभाराच्या चाकावर घडत नाहीत. अ‍ॅल्युमिनाची बारीक पूड वितळलेल्या मेणात कालवून ते मिश्रण दाबाने धातूच्या साच्यात भरतात. थिजलेली कडी बाहेर काढून तिच्यातील मेण मंद आचेवर घालवितात आणि मग सुमारे १६०० अंश सेल्सिअसला ती भाजतात. मोटारीच्या स्पार्क प्लगचे पांढरे भाग १९३०च्या दशकात अशाच रीतीने साच्यात दाबून होऊ लागले होते.

खरी मेख आहे ती थिजण्यात. वाचकांनी वाटीभर मेण वितळवून निवू द्यावे. मध्यभागी खळगा पडलेला दिसेल. पाणी गोठताना फुगते, मेण मात्र आकसते. साच्यात कडीचे बाह्यांग आधी थिजते, गाभा अजून पातळच असतो. तो आकसू लागला की भर घालण्यास आणखी मिश्रण आत यावे लागते. म्हणून साचा भरल्यावरही, त्याचे तोंड थिजेपर्यंत दाब कायम ठेवावा लागतो. तो लवकर काढला तर गाभ्यात पोकळी राहते. साचा फार थंड असेल तर तोंडच आधी बंद होते आणि मागाहून कितीही दाबले तरी व्यर्थ! उलट दाब अतोनात झाला तर कडीत ताण कोंडून राहतो आणि पुढे मेण निघताना तीच उकलते.

भट्टीही निर्दोष असतेच असे नाही. मेण घाईने तापविले तर कडीवर फोड येतात. म्हणून आम्ही त्यास एवढेच सुचविले की, रोज दोन कच्च्या कड्या भाजण्यापूर्वी कापून पाहाव्यात.

परवा त्याचा निरोप आला. कच्च्या कडीच्या पोटातच पोकळी सापडली! आता साच्यावर दाब काही क्षण अधिक ठेवतात. तडकणारा माल पुष्कळ कमी झाला असून त्याच्या पगारातील कपातही थांबली आहे.

निरोप वाचून आम्हांस आनंद झाला, तशी थोडी शरमही वाटली. दहावीचा निकाल घसरला की आम्हीही दहावीच्याच शिक्षकांना बोलावून जाब विचारीत आलो आहोत. पाचवीची वही उघडून पाहिल्याचे मात्र आम्हांस आठवत नाही.