पांढऱ्या कागदावरील जखमा

कला हा सुखवस्तूंचा विरंगुळा आहे, असे मानण्याची सवय चळवळीतील कार्यकर्त्यांनाही जडली आहे. सोमनाथ होर (१९२१-२००६) यांची ‘जखमा’ ही उठावाच्या मुद्राचित्रांची मालिका या समजुतीला चोख उत्तर आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची आणि १९४६ च्या तेभागा लढ्याची चित्रे साम्यवादी पक्षासाठी रेखाटणाऱ्या या कलावंताने १९७० नंतरच्या या मालिकेत शाई जवळजवळ वर्ज्य केली. माती वा मेणाच्या थरावर सुरीने, तापल्या सळईने घाव घालायचे, त्यावरून सिमेंटचा साचा घ्यायचा आणि त्यावर कागदाचा ओला लगदा दाबायचा. वाळलेल्या शुभ्र कागदावर उरतात केवळ चिरा आणि उंचवटे. उजेड तिरपा पडला तरच ते नीट दिसतात. उपासमारीचेही असेच असते. सरकारी अहवालाच्या झगझगाटात ती लोपते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या शिरूर-दौंड भागातील पिढीला हे समजावून सांगावे लागणार नाही.

मग ही चित्रे तेथवर का पोचत नाहीत? मुद्राचित्राच्या एका साच्यातून अनेक प्रती निघू शकतात. ही कला स्वभावतःच वाटून घेण्याची आहे. तरीही ती महानगरांतील संग्रहालयांत आणि लिलावांत अडकून पडते. हातकागदाचे जुने केंद्र असलेले जुन्नर शिरूरच्याच जिल्ह्यात आहे. त्या मुलखाला कागदाची ओळख नवी नाही. शासनाने सार्वजनिक संग्रहांतील अशी चित्रे फिरत्या प्रदर्शनांतून तालुक्याच्या गावी न्यावीत. दुष्काळ ज्यांनी अंगावर झेलला, त्यांचा ती पाहण्याचा हक्क पहिला आहे.