यौवन रोखणारी औषधे आणि आपला मापदंड

ब्रिटनमध्ये डॉ. हिलरी कॅस यांचा अहवाल एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ‘आधुनिक वैद्यक अखेर निसर्गापुढे नमले’ असा सूर आपल्यातील काही वैद्यमित्रांनी लावला. तो मला अस्थानी वाटतो.

पारलिंगी मुलांचे वयात येणे काही काळ थोपविण्यासाठी ट्रिप्टोरेलीनसारखी इंजेक्शने देण्याची पद्धत १९९० च्या दशकात नेदरलँड्समध्ये सुरू झाली. ही द्रव्ये पीयूषिका ग्रंथीला सतत उद्दीपित ठेवून अखेरीस निष्प्रभ करतात. मग वृषण वा बीजकोषाकडे जाणारा संदेशच थांबतो. अकाली यौवनात आणि प्रोस्टेटच्या कर्करोगात ती पूर्वीपासून वापरली जातात. पारलिंगी मुलांना त्यांचा लाभ होतो, याचा पुरावा कॅस अहवालाला दुबळा आढळला. अस्थींची घनता वाढण्याच्या वयातच ही वाढ मागे पडते, ही शंका वेगळी. डिसेंबर २०२४ मध्ये तेथील सरकारने अठरा वर्षांखालील मुलांना या कारणासाठी ती नव्याने देण्यावर अनिश्चित काळासाठी बंदी घातली. अकाली यौवनासाठी मुभा राहिली. मुलांचे दुःख खोटे आहे, असे अहवाल कोठेही म्हणत नाही.

आक्षेप होता तो पुराव्याच्या उणिवेवर. तोच मापदंड आपल्या औषधांना लावला तर? चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन आई येते, ‘याचे मन ताळ्यावर आणा’ म्हणते, आणि आपण बल्य वा वाजीकर चूर्णाची पुडी बांधतो. या पुडीमागे कोणता अभ्यास आहे? चरकाच्या शारीरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात षंढांचे प्रकार बीजदोषादी कारणांसह वर्णिले आहेत, हे खरे. पण त्यावरून आजच्या किशोराच्या लिंगभावाचे निदान करणे ही ग्रंथाची ओढाताण आहे. (अशा वेळी ग्रंथ उघडण्याआधी रुग्णाला बोलू द्यावे, हे मला फार उशिरा कळले.)

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये लिंगभाव ‘बदलण्याच्या’ उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. तो आयोग आपला नव्हे, अशी पळवाट कोणी काढू नये. मुलाला होणारी इजा पदवी पाहत नाही.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंना एक विनंती. संप्रेरकांचे इंजेक्शन चिठ्ठीवाचून मागणाऱ्याला आपण परत पाठवतो. ‘हार्मोन संतुलित करणारे’ असे छापलेला डबा तेवढ्याच सहजतेने अल्पवयीन मुलाच्या हाती ठेवू नका. आत काय आहे आणि मागणारा कोणत्या त्रासात आहे, हे आधी विचारा.