सीताफळ पिकलं, पेज उघडेना

एक छोटासा प्रयोग करा. आत्ता, ऑफिसातच. फोनचं वायफाय बंद करा, लिफ्टने खाली बेसमेंटच्या पार्किंगमध्ये जा आणि ओळखीतल्या कुठल्याही छोट्या धंद्याची वेबसाइट उघडा. मावशीचं पार्लर, मित्राचे केक, गावाकडच्या काकांचं मंगल कार्यालय... काहीही चालेल. आता मनात आकडे मोजा. एक... दोन... तीन...

तीनच्या पुढे गेलात ना? आणि हा धंदा ओळखीतला नसता, तर थांबला असता का? खरं सांगा!

२०१६ साली गुगलने याबद्दल एक आकडा जाहीर केला होता. मोबाइलवर पेज उघडायला तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, तर ५३ टक्के वेळा माणूस तिथून सटकतो. तेव्हा जिओ नुकतंच आलं होतं आणि दिवसाला दीड जीबीची सवय आपल्याला लागायची होती. त्यानंतर आपला पेशन्स वाढलाय, असं कुणाला वाटत असेल, तर त्याने सिग्नल हिरवा झाल्याच्या अर्ध्या सेकंदात मागून वाजणारा हॉर्न ऐकावा.

बरं, हे फक्त अमेरिकन कंपन्यांचं गणित नाही. शुक्रवारी रात्री गावाला जायला आपण ज्या रेडबसवर सीट शोधतो, तिने २०२३ मध्ये स्वतःचा अनुभव मांडला. बोट लावल्यावर पेजने 'ओ' द्यायला लागणारा वेळ कमी केला आणि विक्री ७ टक्क्यांनी वाढली. पण रेडबसकडे इंजिनीअर्सची फौज आहे. माझ्या मामेभावाकडे कोण आहे? मी! तेही फक्त वीकएंडला.

मामाचं गाव बीड जिल्ह्यात, धारूरच्या बाजूला. बालाघाटचे डोंगर, मुरमाड रान, पाऊस बेताचा. ऊसतोडीला जाणाऱ्यांचा जिल्हा म्हणून पेपरात त्याचं नाव तुम्ही वाचलेलं असणार. पण याच माळावर सीताफळ असं काही येतं की, 'बीडचं सीताफळ' म्हणून त्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. मामेभावाने ठरवलं की आडत्याच्या भरवशावर सगळा माल टाकण्यापेक्षा थोड्या पेट्या थेट पुण्या-मुंबईच्या घरांत पोचवायच्या. त्यासाठी एका सीझनच्या कमाईतून पैसे काढून वेबसाइट करून घेतली. वेबसाइट दिसायला एकदम चकाचक. आणि सीझन सुरू झाल्यावर त्याचा फोन.

"ताई, लोकं लिंक उघडायलेत अन् लगेच बंद करायलेत. साइट तर लई भारी दिसायली की!"

"तू कुठं बघितलीस?"

"ज्यानं बनवली त्याच्या हापिसात. मोठ्या स्क्रीनवर."

झालं! सगळी गोम इथेच आहे. बनवणारा ती बघतो ब्रॉडबँडवर, मालक बघतो बनवणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर आणि गिऱ्हाईक बघतं एसटीत उभं राहून, मांजरसुंब्याच्या घाटात, चार दांड्यांतली एक दांडी असताना.

वाट बघणं बीडकरांना शिकवायला नको. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला आणि बीड शहरातून पहिली पॅसेंजर गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. तीस वर्षं! पण पेटी मागवणारा बीडचा नसतो ना. तो बसलेला असतो बाणेरला किंवा ठाण्याला, दोन मीटिंगांच्या मध्ये, आणि त्याच्याकडे तीस वर्षं सोडा, तीस सेकंदही नसतात.

त्यात सीताफळ हा जाम नखरेल माल. डोळे उघडले की तोडायचं, तोडल्यावर तीन-चार दिवसांत मऊ होणार. फ्रिजमध्ये ढकलावं तर साल काळी पडते. म्हणजे मंगळवारी रात्री जे गिऱ्हाईक पेज न उघडल्यामुळे निघून गेलं, ते शनिवारी आठवण ठेवून परत आलं तरी मंगळवारचा माल त्याच्यासाठी थांबलेला नसतो. टी-शर्ट विकणाऱ्याला हे दुःख कळायचं नाही.

आता पेजवर काय काय होतं ते बघू. आधी फोटो. नऊ फोटो होते आणि सगळे फोनच्या कॅमेऱ्यातून काढून जसेच्या तसे चढवलेले. बारा मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण चार हजार पिक्सेल रुंद आणि वजनाला तीन-चार एमबी. ज्या फोनवर तो बघायचा, त्याचा स्क्रीन असतो हजार-बाराशे पिक्सेल रुंद. म्हणजे टेम्पोभर माल मागवायचा आणि त्यातली एक पिशवी घरात घ्यायची! चार एमबीचे नऊ फोटो झाले छत्तीस एमबी. नेटचा स्पीड दोन एमबीपीएस मिळत असेल, तर एवढा माल उतरायला जवळजवळ अडीच मिनिटं लागतात. (एमबी आणि एमबीपीएस यांत आठ पटींचा फरक असतो, हे नेटचं पॅकेज विकणारा कधीच सांगत नाही.)

उपाय फुकटचा आहे. स्क्वूश नावाचं गुगलवाल्यांचंच एक टूल ब्राउझरमध्ये चालतं. फोटो त्यात टाका, रुंदी बाराशे करा, वेबपी हा प्रकार निवडा, क्वालिटी पंचाहत्तरच्या आसपास ठेवा. चार एमबीचा फोटो शंभर-दोनशे केबीवर येतो आणि फळाची हिरवी साल तितकीच हिरवी दिसते. शिवाय खालचे फोटो स्क्रोल करून तिथे पोचल्यावरच उतरवायचे, अशी सोय एका शब्दाच्या सूचनेने होते. याला म्हणतात लेझी लोडिंग. आळशीपणाचा असा सदुपयोग दुसरीकडे बघितला नाही!

मामांनी इथे एकच अट घातली. सगळ्यात वर आजोबांचा फेटा बांधलेला फोटो आहे, तो हलवायचा नाही. बाग त्यांनी लावलेली. कुठलाही स्पीड-एक्स्पर्ट म्हणेल, काढून टाका. मी म्हणते, राहू दे. आजोबांना काढायची गरजच नाही, त्यांचं वजन कमी केलं की पुरे. आपल्याकडच्या छोट्या धंद्यांच्या वेबसाइटवर आजोबा, कुलदैवत, उद्घाटनाला आलेले पाहुणे हे सगळे असणारच. त्यावर हसणाऱ्यांनी आपल्या कंपनीच्या साइटवरचा सीईओचा फोटो किती मोठा आहे ते आधी बघावं.

फोटोंचा प्रश्न निदान दिसतो तरी. त्याहून मोठा घोळ मराठीचा होता, आणि तो कुणाच्या लक्षातच येत नाही. मामेभावाच्या पेजवर मराठी मजकूर भरपूर होता... फळाची माहिती, भाव, पेटीत किती नग, कुठल्या वारी माल निघतो. पण तो मजकूर नव्हताच! तो फोटो होता. अख्खा परिच्छेद बॅनरसारखा सजवून चित्र म्हणून चिकटवलेला. हे का होतं? तर तालुक्याच्या गावात लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि वेबसाइटचा मजकूर बहुधा एकाच डीटीपीच्या दुकानातून येतो. तिथे कोरलड्रॉ आणि जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट वर्षानुवर्षं चालत आलेत. ते अक्षर कागदावर झकास उमटतं, पण उचलून वेबपेजवर टाकलं की भलतीच चिन्हं दिसतात. मग ऑपरेटर शॉर्टकट मारतो आणि सगळ्याचं चित्र करून देतो.

आद्यकवी मुकुंदराजांची समाधी असलेलं अंबाजोगाई याच जिल्ह्यात आहे. त्याच मुलखात मराठी अशी चित्रात कोंबलेली बघून मला खरंच वाईट वाटलं. भावनेचं सोडा, हिशेब बघा. युनिकोडमध्ये देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात, इंग्रजी अक्षराला एकच. तरीही दोनशे शब्दांचा मराठी मजकूर जेमतेम चार केबी होतो, आणि सर्व्हर तो दाबून पाठवतो तेव्हा आणखी कमी. त्याचंच चित्र केलं तर शेकडो केबी. वर आणखी गंमत म्हणजे भाव रोज बदलतो. मंगळवारी पेटीचा भाव पन्नास रुपयांनी उतरला, तर तो बदलायला डीटीपीवाल्याला फोन, तो लग्नसराईत बिझी! दृष्टिहीन माणसाचा फोन ते चित्र वाचून दाखवू शकत नाही, ते वेगळंच. आम्ही एक आख्खी दुपार बसून सगळा मजकूर फोनवर युनिकोडमध्ये टाइप केला. अर्धा मामीने बोलून टाइप करवला. तिचा 'सीताफळ' हा उच्चार फोनला पहिल्या फटक्यात कळला, माझा नाही.

मजकूर खरा झाला की फॉन्टचा प्रश्न येतो. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनी केलेला 'मुक्ता' हा फॉन्ट फुकट मिळतो आणि सही दिसतो. पण जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल इंग्रजीपेक्षा जाड असते, आणि मुक्ताच्या सात जाडी आहेत. मामेभावाच्या पेजवर सातही उतरत होत्या, वापरात फक्त दोन. पाच काढल्या. शिवाय फॉन्ट येईपर्यंत फोनमधल्या साध्या अक्षरात मजकूर दाखव, असं एका ओळीत सांगता येतं. नाहीतर गिऱ्हाईक कोऱ्या पानाकडे बघत बसतं आणि पेज बंद पडलंय असं समजून निघून जातं. खरं तर भाव आणि फोन नंबर सांगायला वेगळा फॉन्टच कशाला हवा? अँड्रॉइडमध्ये चांगलं देवनागरी मुळातच असतं. पण "फॉन्ट भारी पायजे" असं मामेभावाचं म्हणणं पडलं. चला, दोन जाडींवर तोडगा निघाला.

बाकीचं पटकन सांगते. आपोआप फिरणारा स्लायडर: काढा, दुसऱ्या फोटोपर्यंत कुणी थांबत नाही. आपण कितव्या नंबरचे पाहुणे ते सांगणारं मीटर: काढा. कोपऱ्यात उडी मारणारा चॅटचा रोबो: काढा, त्याऐवजी व्हॉट्सॲपची साधी लिंक द्या. वर्डप्रेसवर साइट असेल, तर 'लागतील कधीतरी' म्हणून टाकलेले प्लगइन एकेक करून बंद करून बघा. हे सगळे प्रकार फोनच्या प्रोसेसरला राबवतात, आणि स्वस्त फोनवर नेट फास्ट असलं तरी पेज अडखळतं ते यामुळेच.

सर्व्हर कुठे आहे, हेही एकदा विचारा. मामेभावाचा अमेरिकेत होता. तिथे जाऊन यायला एका खेपेला पाव सेकंदाच्या आसपास लागतो, आणि पहिलं अक्षर दिसायच्या आधी अशा तीन-चार खेपा होतात. पत्ता शोधा, हात मिळवा, कुलूप उघडा, मग माल मागा. मुंबईतला सर्व्हर घेतला की हा वेळ किरकोळ होतो. मोठमोठ्या क्लाउड कंपन्यांचे सर्व्हर मुंबई-पुण्यात २०१५-१६ पासून आहेत, त्यामुळे धारूरचं सीताफळ बाणेरला जाताना अमेरिका फिरून कशाला जाईल?

आता मार्कांबद्दल. पेजस्पीड इनसाइट्स या गुगलच्या फुकट तपासणीत साइटचा पत्ता टाकला की शंभरपैकी गुण मिळतात. आपल्याला शाळेपासून खोड, शंभरच हवेत! त्या नादाला लागू नका. बघायचे ते तीन आकडे: मुख्य गोष्ट अडीच सेकंदांत दिसते का, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत हालचाल होते का, आणि वाचता वाचता मजकूर उड्या मारतो का. ('ऑर्डर' दाबायला जावं आणि ऐनवेळी तिथे जाहिरात यावी, तो छळ आठवला?) तसंच, ही तपासणी खऱ्या लोकांचे आकडे दाखवते, पण त्यासाठी येणारे-जाणारे भरपूर लागतात. छोट्या दुकानाला तेवढी गर्दी नसते, म्हणून तिथे फक्त प्रयोगशाळेतला अंदाज दिसतो. तेव्हा खरी परीक्षा घाटातल्या एसटीतच! मामेभावाने ती घेतली. गावातल्या सगळ्यात जुन्या फोनवर.

एवढं सगळं करण्यापेक्षा नुसतं व्हॉट्सॲप कॅटलॉग का नाही, असं विचाराल. ओळखीच्या पन्नास घरांसाठी तेच बेस्ट, मीही तसंच सांगितलं असतं. पण मामेभावाला दिवाळीत पेट्या वाटणाऱ्या कंपन्यांपर्यंत जायचंय, आणि 'बीडचं सीताफळ' असं गुगलवर शोधणारा माणूस त्याच्या व्हॉट्सॲपवर कसा पोचणार? त्याला पेज हवंच. आणि ते सीझनच्या आधी तयार हवं, कारण गुगल नव्या मजकुराची दखल घ्यायला स्वतःचा वेळ घेतं. सीताफळ सप्टेंबरात सुरू होतं. म्हणजे गावाकडच्या भावंडांच्या साइटवर बसायचं, तर जुलै-ऑगस्टमधला एखादा पावसाळी रविवार बघा.

सध्या आमच्यात बागेच्या व्हिडिओवरून जुंपली आहे. त्याला तो पेज उघडताच आपोआप सुरू व्हायला हवाय, ड्रोनने काढलेला, गाण्यासकट. माझं म्हणणं, आधी नुसता फोटो दिसू दे, त्यावर प्लेचा बाण, दाबला तरच व्हिडिओ उतरेल. फोटोला तो तयार झालाय. गाण्याचं अजून ठरत नाहीये.