वाटी-चमचा

परवा धाकट्या सूनबाईने पाळणाघराच्या ताईंकडे दुधाच्या तीन बाटल्या दिल्या. स्वतःचं, पंपाने काढलेलं दूध. ताई म्हणाल्या, "असलं आम्ही नाही ठेवत, पावडरचं द्या." मला रागच आला... मग माझे दिवस आठवले. 1986 साली तीन महिन्यांची रजा संपली नि मी वर्गावर उभी राहिले. पदर घट्ट लपेटून मधल्या सुट्टीची वाट बघायची. घरी बाळाला वरचं दूध. कुणी विचारलं नाही, मीही बोलले नाही.

2017 साली पहिल्या दोन मुलांसाठी रजा 26 आठवडे झाली. 50 किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं, दिवसातून 4 वेळा आईला बाळाकडे जायची मुभाही मिळाली. सूनबाईला रजा मिळाली, पण तिच्या कचेरीत माणसं अठरा! पाळणाघर कुठलं?

म्हणून सगळी भिस्त या ताईंवर. अंगणवाडीताईंना प्रशिक्षण असतं, मग यांना का नको?

शेवटी मीच गेले (मास्तरीण ना!). दूध फ्रीजमध्ये ठेवा, गॅसवर उकळू नका, बाटली कोमट पाण्यात धरा, वाटी-चमच्याने पाजा.

सोमवारी ताई म्हणाल्या, "आजी, सगळं प्यायला हो!"