कुठली डिग्री, किती पगार?

मैत्रिणींनो, बारावीचे निकाल लागले की आमच्या पत्रांच्या पेटीत एकाच तऱ्हेची पत्रं पडू लागतात. मिरजेच्या एका भगिनीचं पत्र त्यातलंच. मुलीला बारावी सायन्सला ७८ टक्के, सीईटीचे मार्क मात्र यथातथाच. मुलगी म्हणते, अर्थशास्त्र घेऊन बी.ए. करीन. वडील म्हणतात, खासगी कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच, बी.ए. करून कुणाचं भलं झालंय? बाई विचारतात, "ताई, मी माझ्या पाटल्या मोडू का?"

बाई, जरा थांबा. भाजी घेतानासुद्धा आपण दोन गाडे फिरतो, मग इथे घाई कशाला?

आधी एक कटू गोष्ट सांगते. नुसत्या पदवीच्या कागदावर नोकरी मिळते, हा समज आता सोडायला हवा. २०२४ साली रोजगारावरचा एक मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचाही त्यात हात होता. त्यातले आकडे असे: २०२२ साली आपल्या देशातल्या तरुण पदवीधरांमध्ये बेकारी २९.१ टक्के, आणि ज्यांना लिहितावाचता येत नाही त्या तरुणांमध्ये अवघी ३.४ टक्के! म्हणून शिकू नये असं नव्हे हं. गरिबाला घरी बसून परवडत नाही, तो मिळेल ते काम धरतो. पदवीधर मनाजोग्या नोकरीची वाट बघतो. पण वाट बघण्याची ही वर्षं कुणाच्या तरी पगारावर निघतात, हे ध्यानात ठेवावं.

आता कॉलेजच्या जाहिरातीकडे वळू. 'सर्वोच्च पॅकेज' असं मोठ्या अक्षरांत छापतात ना, ते एकाच मुलाचं असतं. 'सरासरी'चीही गंमत बघा. दहा मुलींपैकी नऊजणींना महिना २५ हजार आणि एकीला २ लाख मिळाले, तर सरासरी निघते साडेबेचाळीस हजार. प्रत्यक्षात तेवढा पगार कुणालाच नाही! म्हणून 'मधला पगार' विचारा. सगळ्यांना पगाराप्रमाणे ओळीत उभं केलं, तर मधोमध जी येईल तिचा. एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजांना हा आकडा, आणि किती मुलांना नोकऱ्या लागल्या तोही, जाहीर करावा लागतो. मुलीला मोबाइलवर शोधायला सांगा. कॉलेज त्यात नसेल, तर मागच्या वर्षी पास झालेल्या चार मुलींना गाठा.

पॅकेजचा हिशोबही आपल्या वहीत मांडा. वर्षाला ४ लाख म्हणजे महिना ३३ हजार वाटतात. पण मालकाने भरायचा प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी बहुधा त्यातच धरलेली असते; वर मुलीचा स्वतःचा फंड कापला जातो. हातात पडतात साधारण २८ हजार. त्यातून कर्जाचा हप्ता! ५ लाखांचं कर्ज १० टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचं तर महिना सुमारे ६,६०० रुपये. उरलेल्या साडेएकवीस हजारांत पुण्यातलं भाडं, डबा आणि बस.

मग बी.ए. बरं का? नुसतं बी.ए. नव्हे, जोड दिलेलं बी.ए. बँकांच्या परीक्षा, एमपीएससीची राज्यसेवा यांना पदवी लागते, ती कोणत्या विषयाची हे विचारत नाहीत. अर्थशास्त्राला गणित आणि संख्याशास्त्राची जोड दिली, पुढे पुण्याच्या गोखले संस्थेसारख्या ठिकाणी पदव्युत्तर शिक्षण घेतलं, तर भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेचं दारही उघडतं. मात्र ही वाट पाच वर्षांची आहे. बी.कॉम., बी.एस्सी.चंही तसंच: पुढची पायरी कोणती, ते पहिल्याच वर्षी ठरवावं. इंजिनीअरिंगला वाट सरळ दिसते खरी, पण मुलीला त्यात रस नसेल, तर विषय राहतात आणि वर्षं जातात.

आणि हो, इंजिनीअरिंगच ठरलं, तर आधी सवलत बघा. २०२४-२५ पासून महाराष्ट्र सरकारने वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. प्रवेश मात्र केंद्रीय फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्याला ती नाही. दाखले आताच काढून ठेवा.

तर भगिनी, मुलीला आणि तिच्या बाबांना एका संध्याकाळी समोर बसवा. तीन प्रश्न कागदावर लिहा: मागच्या वर्षी कितीजणींना नोकरी लागली? मधला पगार किती? आणि नोकरी नाही लागली, तर पुढची पायरी कोणती? दोन्ही वाटांची उत्तरं शेजारी शेजारी लिहा. शेवटचा शब्द मुलीचा असू द्या. अभ्यास तिला करायचा आहे आणि उद्या आपल्या पायांवर उभंही तिलाच राहायचं आहे.

उत्तरं मिळेपर्यंत पाटल्या हातातच राहू द्यात.